सर्पगंधेच्या मुळांतील गुण: तो कसा वाढवावा व कसा राखावा

क्विंटलभर ज्वारी ही कोणाच्याही शेतातील असली तरी क्विंटलभर ज्वारीच असते. दाणा थोडा बारीक, थोडा टपोरा एवढाच काय तो फरक. वनौषधींच्या पिकाची गोष्ट मात्र निराळी आहे. सर्पगंधेची मुळे शेतकरी वजनावर विकतो. पण औषधे तयार करणारा कारखानदार ती घेतो ती त्यांतील अल्कलॉइडे या औषधी द्रव्यांसाठी. वाळलेल्या मुळांत ही द्रव्ये साधारणतः १.७ ते ३ टक्के असतात. म्हणजे एका शेतकऱ्याच्या क्विंटलभर मुळांत पावणेदोन किलो औषधी द्रव्य असेल, तर दुसऱ्याच्या तेवढ्याच मुळांत ते तीन किलोपर्यंत असू शकते. तराजूला हा फरक कळत नाही, प्रयोगशाळेला कळतो. नमुना कमी भरला की माल परत येतो किंवा पडेल भावाने द्यावा लागतो, आणि दीड वर्ष जमीन अडवून बसलेल्या पिकाचा हिशेब तोट्यात जातो.

औषधी द्रव्य वाढविण्याचा विषय निघाला की शेतकऱ्याच्या मनात प्रथम खताचा विचार येतो. तो चूक नाही, परंतु अपुरा आहे. सर्पगंधेच्या बाबतीत गुणाचा मोठा भाग कमावला जातो तो योग्य बियाणे व योग्य वेळची काढणी यांमुळे, आणि गमावला जातो तो काढणीनंतरच्या आठ-दहा दिवसांत.

वनस्पतीची ओळख व तिचे महत्त्व

सर्पगंधा हे करवीर कुलातील गुडघा-मांडीएवढे वाढणारे झुडूप होय. प्रत्येक पेरावर बहुधा तीन-तीन पाने वलयात येतात. फुले पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली व त्यांचे देठ तांबडे असतात. फळ पिकल्यावर जांभळट काळे होते. सह्याद्रीच्या व कोकणाच्या दमट जंगलांत ही वनस्पती मूळचीच आहे. बिहारात तिला ‘पागल की दवा’ असे नाव पडले होते, यावरूनच लोकांना तिचा गुण किती जुन्या काळापासून ठाऊक होता ते दिसते.

आधुनिक शास्त्राने तिच्याकडे लक्ष दिले ते १९३१ च्या सुमारास. त्या वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी तिच्या मुळांतून अजमलीन हे अल्कलॉइड वेगळे केले व हकीम अजमलखान यांच्या नावावरून त्याला नाव दिले. त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वाढलेल्या रक्तदाबावर व वेडावर या मुळांचा उपयोग होतो असे प्रसिद्ध केले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव मांडला आणि सर्पगंधेचे नाव जगभर झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या संशोधकांनी रेसर्पीन हे तिच्यातील प्रमुख द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले. मागणी एवढी वाढली की जंगले खणून निघाली. मुळाकरिता झाड उपटावेच लागते. सबब एकदा खणले की ते झाड संपले. अखेर १९६९ साली कच्च्या मुळांच्या निर्यातीवर सरकारने बंदी घातली, आणि १९९० पासून ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहे. रक्तदाबावर आता नवी औषधे पुष्कळ निघाली असून रेसर्पीनचा वापर पूर्वीइतका राहिलेला नाही. तथापि आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी मुळांना मागणी असते. ती जंगल न खणता भागवावयाची तर शेतातील लागवडीला पर्याय नाही.

येथे एक सूचना देणे अगत्याचे आहे. सर्पगंधा हे जहाल औषध आहे. त्याने रक्तदाब धोकादायक रीतीने खाली येऊ शकतो व माणसाचे मन खिन्न होते. मुळे घरात आहेत म्हणून ती कुटून घरच्या माणसास देण्याचा प्रकार कदापि करू नये. साठविलेली मुळे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशीच ठेवावीत.

गुण असतो तो सालीत

मूळ आडवे कापून पाहिले तर त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेरची साल करड्या-पिवळसर रंगाची, बुचासारखी मऊ असते. आतील लाकूड फिकट व टणक असते. वजनाच्या दृष्टीने साल ही मुळाच्या चाळीस ते साठ टक्के भरते. परंतु मुळातील एकंदर अल्कलॉइडांपैकी सुमारे नव्वद टक्के या सालीत असतात. लाकडात उरतात ती जेमतेम दहा टक्के. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर लागवडीपासून साठवणीपर्यंतची बहुतेक कामे कशी करावयाची ते आपोआप उलगडत जाते.

हिशेबाकरिता असे धरावे की शंभर किलो वाळलेल्या मुळांत दोन किलो अल्कलॉइडे आहेत व निम्मे वजन सालीचे आहे. म्हणजे पन्नास किलो सालीत एक किलो आठशे ग्रॅम द्रव्य झाले. आता माती काढण्यासाठी मुळे दगडावर घासली, पोत्यात घालून झोडपली किंवा विळ्याने खरवडली आणि त्यात दहा किलो साल झडून गेली, तर वजन दहा टक्क्यांनी घटते. पण औषधी द्रव्य तीनशे साठ ग्रॅम, म्हणजे अठरा टक्के जाते. वीस किलो साल गेली तर उरलेल्या ऐंशी किलो मुळांतील द्रव्याचे प्रमाण दोन टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर येते. मुळे स्वच्छ, पांढरी व देखणी दिसावीत म्हणून केलेली ही मेहनत असते आणि तिनेच मालाची किंमत घसरते. सर्पगंधेची साल लाकडापासून सहज सुटते हे लक्षात घेतले म्हणजे या कामात किती जपावे लागते ते कळेल.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. जाड मुळाच्या मानाने बारीक मुळात सालीचे प्रमाण अधिक असते. खणताना जाड सोट तेवढे काढून घ्यावयाचे व बोटाएवढी बारीक मुळे जमिनीत तुटून राहू द्यावयाची, ही पद्धत दोन्ही बाजूंनी नुकसानीची आहे. वजन तर जातेच, शिवाय जाते ते गुणाने भारी असलेले वजन.

जमीन व रोपे

जमीन भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्ययुक्त, पाण्याचा निचरा होणारी व शक्यतो किंचित आम्लधर्मी असावी. कोकणातील तांबड्या जांभ्या जमिनीत खोलगट जागा टाळून, भरपूर शेणखत घालून हे पीक घेता येते. भारी काळी जमीन मात्र त्यास मानवत नाही. ती अल्कधर्मी असते, पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते, आणि काढणीच्या वेळी तिच्यातून मूळ सालीसकट अखंड काढणे हे कुदळीवाल्याचे कौशल्य पणास लावणारे काम होऊन बसते. पाण्याची सोय नसलेल्या शेतकऱ्यानेही या पिकाच्या वाटेस जाऊ नये. दोन पावसाळ्यांमधील कोरडा काळ त्यास ओलिताशिवाय काढता येत नाही.

रोपे बियांपासून तयार करावीत. खोडाच्या किंवा मुळाच्या तुकड्यांपासूनही झाडे होतात व ती सोपी वाटतात. परंतु अशा झाडांचे मूळ बियांच्या झाडांपेक्षा फार कमी भरते. बियाण्याची अडचण अशी की ते उगवत नाही. बीचे कवच दगडासारखे कठीण असते व पुष्कळ बिया आतून पोकळ असतात. शंभरांत वीस-तीस उगवल्या तरी चांगले मानावे लागते. याकरिता बी त्याच हंगामातील ताजे घ्यावे, पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाकावे व तळाशी बसलेले जड बी तेवढे चोवीस तास भिजवून मे महिन्याच्या मध्यास गादीवाफ्यावर पेरावे. एकरास दोन ते सव्वादोन किलो बी व दोन गुंठे वाफे पुरतात. उगवण पंधरा-वीस दिवसांनी सुरू होते आणि महिना-सव्वा महिना रेंगाळत राहते. पंधरा दिवसांत वाफा रिकामा दिसला म्हणून तो मोडून टाकण्याची घाई करू नये.

रोपांना चार-सहा पाने आली, म्हणजे साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, ४५ × ३० सेंटिमीटर अंतरावर ती लावावीत. एकरी सुमारे तीस हजार रोपे बसतात. लावताना सोटमूळ सरळ खाली जाईल असे पाहावे. मजुराने घाईने मूळ दुमडून रोप खोचले तर झाड जगते, वरून हिरवेगार दिसते, पण अठरा महिन्यांनी खणल्यावर हाती येतो तो वेडावाकडा गुंता. त्याची माती निघत नाही आणि काढू गेल्यास साल निघते.

खत, पाणी व खुडणी

लावणीपूर्वी एकरी दहा टन, म्हणजे वीस गाड्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. त्याबरोबर एकरी ४ किलो नत्र, २४ किलो स्फुरद व १२ किलो पालाश द्यावे. पुढे लावणीपासून सुमारे पन्नास दिवसांनी व एकशे सत्तर दिवसांनी, जमिनीत ओल असताना, दर वेळी ४ किलो नत्र द्यावे. अल्कलॉइडांत नत्र हा घटक असतो, त्यामुळे नत्राची अगदीच उपासमार करून चालत नाही. परंतु जास्त नत्र म्हणजे जास्त औषध हा समज चुकीचा आहे. नत्राचा हात सैल सोडला की झाड पाल्यास लागते, आणि मुळांसाठी घेतलेल्या पिकात पाला काही कामाचा नसतो.

‘औषधी गुण वाढविणारी’ म्हणून काही संजीवके बाजारात सांगितली जातात. प्रयोगशाळेत, काचपात्रात वाढविलेल्या मुळांवर निरनिराळ्या द्रव्यांचे प्रयोग झालेले आहेत व काहींचे निष्कर्ष चांगलेही आहेत. पण काचपात्रातील मूळ व शेतातील झाड यांत पुष्कळ अंतर आहे. कृषी विद्यापीठाची शिफारस नसलेल्या अशा बाटलीवर शेतकऱ्याने पैसा खर्च करू नये. तोच पैसा खणणाऱ्या मजुरांना दोन दिवस जास्त देऊन सावकाश काम करून घेण्यात घालावा.

पाऊस नसेल तेव्हा उन्हाळ्यात पंधरवड्यास व हिवाळ्यात महिन्यास एक पाणी द्यावे. पहिल्या वर्षी निंदणी वरचेवर करावी लागते, कारण रोपे सुरुवातीस फार हळू वाढतात. अंतर मोकळे असते तोवर मधल्या जागेत खरिपात सोयाबीन व रब्बीत लसूण किंवा कांदा घेता येतो. इंदूरकडे या जोडपिकांची शिफारस झालेली आहे व ती पटण्यासारखी आहे. दीड वर्ष पैशाचे तोंड न दाखवणाऱ्या पिकात घरखर्चास तेवढाच आधार होतो.

फुले येऊ लागली म्हणजे ती खुडावीत. फळे धरली की झाडाने तयार केलेले अन्न बियांकडे जाते व मूळ पोसत नाही. मात्र पुढील लागवडीस बी लागणारच. म्हणून शेताच्या एका कडेच्या दोन-चार ओळी बियाण्यासाठी राखाव्यात, तेथील फुले खुडू नयेत व जांभळी-काळी झालेली फळे वरचेवर वेचून, गर धुऊन बी सावलीत सुकवावे. सगळ्या शेतातून थोडे थोडे बी धरण्यापेक्षा ही रीत चांगली.

काढणी: केव्हा व कशी

जुलैत लावलेले पीक दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात, सुमारे अठरा महिन्यांचे झाल्यावर काढावे. पहिल्याच डिसेंबरात खणण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण तेव्हा मुळांचे वजन फारच थोडे असते. उलट तीन-तीन वर्षे पीक ठेवण्यातही, जमिनीचा खंड व पाणी हिशेबात धरता, फायदा दिसत नाही.

महिना डिसेंबर का, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस समजावून सांगणे जरूर आहे. थंडी पडली की सर्पगंधेची पाने गळू लागतात व झाड विश्रांती घेते. या सुमारास मुळांत अल्कलॉइडांचा साठा अधिक असतो. पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास झाड वाढीत असताना तीच मुळे खणली तर हे प्रमाण कमी भरते. शिवाय त्या दिवसांत वाळवण नीट होत नाही. पैशाच्या अडचणीमुळे श्रावण-भाद्रपदात मुळे काढून विकणारा शेतकरी दोन्हीकडून नाडला जातो.

जमीन कडक असेल तर दोन-तीन दिवस आधी हलके पाणी द्यावे. मुळे ३० ते ४० सेंटिमीटर खोल जातात. झाडापासून हातभर अंतरावर चर घेऊन मग मुळाकडे सरकावे. झाड धरून उपटू नये. खणणी गुत्त्यावर दिल्यास मजूर घाई करतात व मुळे तुटतात, म्हणून हे काम रोजंदारीने करून घेतलेले बरे.

वाळवणी व साठवण

काढलेली मुळे प्रथम हलक्या हाताने झटकावीत. माती चिकट असेल तर वाहत्या पाण्यात चटकन धुवावीत, भिजत ठेवू नयेत. बोटांनी चोळून जेवढी माती निघेल तेवढी काढावी; चाकू, काथ्या, दगड यांचा उपयोग करू नये. नंतर वीतभर लांबीचे तुकडे करून हवेशीर सावलीत पातळ थरात पसरावेत. कडक उन्हात टाकल्यास लवकर वाळतात हे खरे, पण रेसर्पीन प्रकाशाने खराब होते. रात्री दव पडत असेल तर ती झाकावीत. दिवसातून एक-दोनदा हाताने परतावीत. फावड्याने परतल्यास तळाशी जो भुगा दिसतो ती साल असते. असा भुगा साचलाच तर तो फेकू नये. माती चाळून स्वतंत्र पिशवीत ठेवावा व विकताना घेणाऱ्यास तसे सांगावे.

मुळे पुरती वाळली म्हणजे वाकविताच कट्‌कन मोडतात. मोडताना ती लवत असतील तर अजून ओल आहे असे समजावे. ओल आठ-दहा टक्क्यांवर आली म्हणजे आत प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या गोणपाटाच्या पोत्यांत भरून, जमिनीपासून उंच फळ्यांवर, अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवावीत. थोडे वजन जास्त भरावे म्हणून ओलसर माल भरणाऱ्यास महिन्या-दोन महिन्यांत बुरशी आलेली पोती पाहावी लागतात. चांगल्या पिकातून एकरी चार ते पाच क्विंटल वाळलेली मुळे मिळतात. त्यांतील एक पोते बुरशीने गेले तर तोटा लहान नसतो.

हीच दृष्टी इतर वनौषधींच्या बाबतीतही ठेवावी. केवळ अवयव व वेळ बदलते. अश्वगंधेची मुळे पाच-सहा महिन्यांनी, पाने वाळून फळे तांबडी झाल्यावर खणतात. ओले किराईत किंवा काळमेघ फुलावर येऊ लागताच कापावा लागतो, कारण त्याचा कडू गुण मुख्यतः पानांत असतो व पुढे पानेच झडतात. प्रत्येक वनस्पतीचा गुण कोणत्या भागात व कोणत्या महिन्यात भरतो हे लागवडीपूर्वीच विचारून घ्यावे.

विक्रीपूर्वीची दक्षता

सर्पगंधेच्याच जातीचे दुसरे एक झुडूप आपल्याकडे बागांतून व पडीक जागी आढळते. त्याच्या पेरावर चार-चार व लहानमोठी पाने येतात. त्याच्या मुळांत रेसर्पीन कमी असते. ही मुळे किंवा सर्पगंधेच्याच खोडाचे तुकडे मालात मिसळल्याने वजन वाढते व नमुना नापास होतो. रोपे विकत घेतली असतील तर पहिल्याच पावसाळ्यात शेत फिरून चार पानांची झाडे उपटून टाकावीत.

लागवड करण्यापूर्वी गिऱ्हाईक ठरलेले असावे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळीचे महागडे बेणे घेऊन लावणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे मालास गिऱ्हाईक मिळाले नाही, हा अनुभव फार जुना झालेला नाही. रोपे विकणाराच माल परत घेण्याचे आश्वासन देत असेल तर ते कागदावर, दर व कसोटी यांसह मागावे. तसेच सातबाऱ्यावर पिकाची नोंद न चुकता करून घ्यावी. ही वनस्पती जंगलातून चोरून खणली जाते. आपला माल शेतातील आहे हे दाखविण्यास ती नोंद व तलाठी किंवा कृषी अधिकाऱ्याचा दाखला उपयोगी पडतो.

माल देताना प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळातून मूठ-मूठ मुळे घ्यावीत, एकत्र करावीत व त्यांचे दोन सारखे भाग करून दोन पिशव्यांत भरावेत. पिशव्यांवर शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, खणल्याची तारीख व पोत्यांची संख्या लिहून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात व त्या शिवून टाकाव्यात. एक पिशवी घेणाऱ्याने न्यावी व दुसरी शेतकऱ्याने, पैसे हाती पडेपर्यंत, अंधाऱ्या कोरड्या जागी जपून ठेवावी.